खाऱ्याला गोडं लागतं

परवा मधल्या सुट्टीत जतहून बनाक्काचा फोन आला. बनाक्काला फोनवर 'हॅलो' म्हणायची सवय नाही. पलीकडे कुणीतरी उचललाय एवढी खात्री झाली की ती बातमी सांगून मोकळी होते.

"बाई, जावयानं अंडी घातली."

माझ्या फोनचा स्पीकर चालू राहिला होता. शिक्षकांच्या खोलीतले सगळे हातातला घास हातात धरून माझ्याकडे बघायला लागले. मी "काय सांगता! किती?" असं विचारलं, तेव्हा तर गणिताच्या सरांनी खुर्चीच वळवून घेतली. लय हायत, केशरी हायत, माठाच्या खापराला चिकटवून ठिवलीत आन घरजावई पंखानं वारा घालत बसलाय, एवढं सांगून बनाक्कानं फोन ठेवला. उरलेली सुट्टी मला खुलासा करण्यात घालवावी लागली. जावई हा मासा आहे, घरजावई हाही मासाच आहे आणि दोघं जतमध्ये समुद्राच्या पाण्यात राहतात, हे मी सांगितल्यावर लोक जास्तच गोंधळले. जतमध्ये समुद्र कुठून आला म्हणाले. तो सुभेदारांनी आणला.

सुभेदार मायाप्पा हे माझे जतमधले घरमालक. बदली होऊन मी तिथल्या शाळेत मराठी शिकवायला गेले आणि त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत राहिले. मी सातारची, म्हणजे पाण्याच्या बाबतीत लाडावलेली. नळ सोडला की पाणी येतं आणि आलेलं पाणी पिता येतं, अशी माझी भाबडी समजूत होती. सुभेदारांच्या बायकोनं, म्हणजे बनाक्कानं, पहिल्याच दिवशी मला पाण्याचा पाठ दिला. निळ्या पिंपातलं ते खारं, बोअरचं, ते धुण्याभांड्याला. स्टीलच्या पिंपातलं ते गोडं, टँकरचं नाहीतर जारचं, ते प्यायला आणि डाळीला. खाऱ्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि केस धुतले तर काथ्या होतो. या पाण्याला पुस्तकात 'मचूळ' म्हणतात, असं मी मराठीच्या शिक्षिकेला शोभेलसं बोलून दाखवलं. बनाक्कानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि जतमध्ये खारं आणि गोडं एवढीच दोन पाणी असतात, तिसरं आणायचं असेल तर साताऱ्याहून आणा, असं सांगितलं.

हा पाठ चालू असताना सोप्याच्या कोपऱ्यातून कसलासा बुडबुड आवाज येत होता. तिथे टेबलावर दोन हातांच्या कवेत मावेल एवढी काचेची पेटी होती. आत निळसर उजेड, खडबडीत दगडांची छोटीशी कपार आणि तिच्या पुढ्यात केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे. बाहेर ऊन रटरटत होतं, शेजारच्या पडीक रानात बाभळीखाली मेंढरं माना खाली घालून उभी होती आणि इथे समुद्राचा एक तुकडा लाटा काढत बसला होता. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. पेटीसमोर एक उंच, काटकुळा माणूस उभा होता. अंगात पांढरी बंडी, खाली कडक इस्त्रीची खाकी पँट, हातात काठी. काठीच्या टोकावर दोन्ही तळवे, तळव्यांवर हनुवटी आणि एक पाय दुसऱ्यावर टाकलेला. माळावर मेंढरं राखणारा माणूस उभा राहतो तसा तो आपल्या घराच्या सोप्यात दोन माशांसमोर उभा होता.

मान न वळवता ते म्हणाले, "या बाई. मोजून घ्या. संध्याकाळी एक कमी भरलं तर तुमच्यावर यायचं."

सुभेदारांचं बोलणं असं असायचं. घराणं मेंढपाळांचं, बाप-आजा मेंढरांमागे सगळा मुलूख हिंडलेले. हे तेवढे पलटणीत गेले आणि सुभेदार होऊन परत आले. अर्धं भारतदर्शन त्यांचं सरकारी खर्चानं झालं होतं, पण गोष्टी सांगायचे ते फक्त अंदमानच्या. तिथे त्यांना कुणीतरी काचेच्या बुडाच्या होडीतून फिरवलं. पायाखाली हजारो मासे एकदम वळताना बघितले आणि यांच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "ह्यांचा मेंढका कोन?" मेंढका म्हणजे कळप राखणारा. नावाड्याला तो प्रश्न कळला नाही. सुभेदारांना उत्तर मिळालं नाही, आणि उत्तर न मिळालेली गोष्ट ते सोडत नसत.

बनाक्कानं मात्र समुद्र बघितला नव्हता. सुभेदार बाहेर असताना इथे सासू-सासरे, मेंढरं आणि मुलगा तिच्या गळ्यात. शिवाय तिला गाडी लागते. लागते म्हणजे अशी की मिरजेची एसटी नुसती सुरू झाली तरी हिचा पदर तोंडाला. सुभेदारांनी नोकरीभर तिला कबूल केलं होतं, निवृत्त झालो की समुद्र दाखवतो. निवृत्त झाले, गाडी केली, कवठेमहांकाळच्या अलीकडेच बनाक्कानं गाडीतून उतरून 'तुमचा समुद्र तुमालाच लखलाभ' असं जाहीर केलं आणि उलट्या दिशेनं चालायला लागली. त्यावर सुभेदारांनी भांडण केलं नाही. काही महिन्यांनी पुण्याहून काचेची पेटी, मिठाची गोणी आणि पिशवीत बांधलेले मासे आले.

तिथून पुढे त्या घरात रोज भांडण होऊ लागलं, आणि मला वाटतं त्या पेटीनं त्यांना दिलेलं पहिलं बक्षीस हेच. कारण त्याआधी ती दोघं बोलतच नसत. लग्नाला चाळिशी होत आलेली, पण एकत्र राहिलेली वर्षं काढली तर ती सुट्ट्यांची. सुभेदार घरी परतले तेव्हा एकमेकांना काय विचारावं हेच त्यांना सुचत नव्हतं, असं बनाक्कानंच मला एकदा वाटाणे सोलताना सांगितलं. जेवलासा का आणि व्हय, एवढ्यात दिवस संपायचा. आता मात्र विषयांना तोटा नव्हता. फ्रिजमधल्या बर्फाच्या बाटल्या माशांच्या की माणसांच्या, यावर उन्हाळाभर खल चालायचा. जतच्या उन्हात समुद्र तापू नये म्हणून सुभेदार त्या बाटल्या पेटीत तरंगत सोडायचे आणि आलेल्या पाहुण्याला माठातलं पाणी मिळायचं. पेटीवर एक छोटा पंखा अखंड फिरत असे. "म्या चुलीम्होरं घाम गाळतीया, आन वारं कुनाला, तर त्यास्नी," असं बनाक्का येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. सुभेदार म्हणायचे, तुला चाळीस वर्षांची सवय हाय, त्यांची पहिलीच वेळ हाय.

माशांची नावं सुभेदारांनीच ठेवलेली. मोठा मासा म्हणजे कारभारीण. या जातीत मोठी ती मादी, कपारीवर राज्य तिचं. धाकटा नर तिच्या मागे मागे, खाणं पडलं तरी तिचं होईपर्यंत थांबणारा, म्हणून तो जावई. जतमधला कुठला जावई सासुरवाडीत असा वागतो हे मला दिसलं नाही, पण नाव बसलं. एक लाल-पांढरी कोळंबी होती, ती माशांच्या अंगावरची घाण वेचून खायची, ती परटीण. दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहणारा एक चिमुकला खेकडा होता. त्याचं नाव भाडेकरू. मी जिन्यावरून खाली आले की सुभेदार गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, भाडेकरूचं हल्ली लक्ष नाही, मोठी जागा शोधतोय. पहिले दोन-तीन महिने मी खरंच दचकायची.

रोज दिवेलागणीला मोजणी. काठी टेकून सुभेदार उभे राहणार, बोटानं हवेत मोजणार आणि 'भरलं' म्हणणार. भरलं म्हटल्याशिवाय त्या घरात ताट वाढलं जात नसे. त्या वेळी गल्लीतली चार डोकी हटकून सोप्यात असायची. कुणाचा रक्तदाब वाढलेला, कुणाचं भावाशी बिनसलेलं. ते येऊन गप्प बसायचे, मासे बघायचे, आणि थोड्या वेळानं आवाज खाली आणून बोलायला लागायचे. मी स्वतः दहावीचे पेपर तपासून डोकं उठलं की त्या बुडबुड आवाजापाशी जाऊन बसत असे. काही करायचं नाही, काही शिकायचं नाही, भाडेकरू एका दगडावरून दुसऱ्या दगडावर जातो एवढंच बघायचं. इतकं बरं वाटायचं की त्याचं मला नवल वाटे.

त्या कपारीच्या दगडांवरून एकदा मोठी गंमत झाली. समुद्रातल्या अशा दगडांच्या भोकाभोकांत बारीक जीव राहतात, तेच पाणी स्वच्छ ठेवतात. म्हणून सुभेदार त्यांना 'जिवंत दगड' म्हणायचे. एका आलेल्या माणसाला त्यांनी ते कौतुकानं सांगितलं आणि तो शब्द गल्लीत गेला. पुढच्या अमावस्येला पलीकडच्या शेवंताबाई हळदी-कुंकू, नारळ आणि खोबरेल घेऊन सोप्यात हजर. सुभेदारांच्या घरी जिवंत दगड आलाय, जागृत आहे, पाण्यात बसतो, असं त्यांना कळलं होतं. हळदीची चिमूट पेटीवर धरलेली बघून सुभेदार पलटणीत धावले नसतील असे धावले. पण म्हातारीला त्यांनी दुखावलं नाही. परसातून एक साधा धोंडा उचलून आणला, धुतला, पेटीशेजारी पाटावर ठेवला आणि म्हणाले, "आजी, आतल्याचं सोवळं लय कडक हाय. ह्यो त्याचा भाऊ. ह्याला वाहिलं की त्याला पोचतं." शेवंताबाईंना ते पटलं. भावाला तेव्हापासून दर अमावस्येला नारळ मिळतो आणि त्याच्या खोबऱ्याची चटणी मीही पुष्कळ खाल्ली आहे.

पण या घरातलं खरं भांडण पाण्याचं. पेटीतल्या पाण्याची वाफ होते, पंख्यानं तर जास्तच. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. म्हणून रोज जेवढं उडालं तेवढं गोडं पाणी घालून पातळी राखावी लागते. सुभेदारांनी काचेवर बनाक्काच्या कुंकवाच्या बाटलीतून एक बारीक लाल रेघ ओढली होती. पाणी रेघेला असलं म्हणजे समुद्र ठीक. हे त्यांनी मला पहिल्या आठवड्यातच समजावलं आणि शेवटी आपलं आवडतं वाक्य टाकलं, "खाऱ्याला गोडं लागतं, बाई. मीठ कुटं जात न्हाई, पानीच जातं." ते हे वाक्य कुठेही वापरायचे. शेजारचे दोघे भाऊ बांधावरून भांडले तरी हेच, आणि बनाक्का तापली की आतून गूळ आणून तिच्या हातावर ठेवतानाही हेच. वर मला डोळा मारायचे.

हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, एका बनाक्काला सोडून. कारण तसंच होतं. टँकर आला की रांगेत घागरी घेऊन उभी राहायची ती बनाक्का. गोड्या पाण्याचा तांब्या कुणी विसळून टाकला तरी ती त्याला दिवसभर ऐकवायची. नव्यानंच पेटी आली तेव्हा सुभेदारांनी तिच्यादेखत जारमधलं पाणी पेटीत ओतलं होतं आणि बनाक्का दोन दिवस जेवली नव्हती. तेव्हापासून, आता घालत नाही असं तिला सांगून, ते काम सुभेदार ती उठायच्या आत, पहाटे, मांजरासारखं करायचे. सीमेवर शत्रूच्या नाकाखाली रसद पोचवलेला माणूस आपल्या बायकोच्या झोपेत तांब्याभर पाणी चोरून माशांना घालत होता. समुद्र आपोआप भरलेला राहतो अशीच बनाक्काची समजूत झाली.

मग एका मे महिन्यात सुभेदारांच्या पोटात दुखू लागलं. पित्ताशयातले खडे निघाले. मुलगा पलटणीतून रजा काढून आला आणि त्यांना शस्त्रक्रियेसाठी मिरजेला घेऊन गेला. बनाक्काला गाडी लागते, ती घरीच. मी सुट्टीत साताऱ्याला. सुभेदारांनी जाताना बायकोला सांगितलं ते एकच, पानी रेघेखाली जाऊ देऊ नगंस. घाईत तेवढंच सुचलं असेल, आणि गोडं घाल म्हणायची बहुधा छातीही झाली नसेल.

मी परत आले तेव्हा बनाक्का पायरीवर बसली होती. मला बघून तिनं आत पेटीकडे बोट केलं. मी आत गेले. पाणी बरोबर रेघेला होतं, एक थेंब कमी नाही. कोळंबी नव्हती. कारभारीण नव्हती. जावई एका कोपऱ्यात तोंड वर करून धापा टाकत होता. भाडेकरू शंखात शिरून दार लावून बसला होता. पेटीखाली निळ्या पिंपातला मग ठेवलेला दिसला आणि माझ्या लक्षात आलं.

"खारं घातलं," बनाक्का दारातून म्हणाली. "खाऱ्या पान्याची पेटी म्हनत्यात न्हवं सगळी? सकाळ-संध्याकाळ घातलं. कमी पडू दिलं न्हाई."

बोअरचं खारं. समुद्राचं खारं वेगळं आणि जतचं खारं वेगळं, हे तिला कोण सांगणार? तिनं इमानेइतबारे दोन आठवडे त्या पेटीत चुना आणि क्षार ओतले होते. मी जारमधलं पाणी आणि सुभेदारांचं गोणीतलं मीठ कालवून थोडं थोडं पाणी बदललं, जेवढं त्यांना करताना बघितलं होतं तेवढं. बनाक्का शेजारी उभी होती. तिला माशांचं वाईट वाटत होतंच, पण तिचा जीव दुसऱ्याच गोष्टीनं टांगणीला लागला होता.

"म्या त्या पेटीला लय बोलले हाय, बाई," ती म्हणाली. "ह्यास्नी वाटंल म्या मुद्दाम केलं."

मी तिला समजावलं, पण समजावणारी मी कोण? तिला हवं होतं ते माणूस मिरजेच्या खाटेवर होतं. फोनवर ती त्यांना रोज 'समदं बरं हाय' सांगायची आणि ठेवला की तोंड धुऊन यायची.

सुभेदार आले ते दिवेलागणीच्या सुमाराला. पोट धरून, मुलाच्या खांद्यावर हात टाकून. आल्या आल्या काठी मागितली आणि पेटीसमोर उभे राहिले. बोट हवेत गेलं आणि थांबलं.

कारभारीण कुठे आहे, त्यांनी विचारलं. बनाक्का म्हणाली, लिंबाच्या बुडाशी. तिनं दोघींना तिथे पुरून वर हळदी-कुंकू वाहिलं होतं. मग कुठलं पाणी घातलंस, असं त्यांनी विचारलं आणि ती ताठ मानेनं म्हणाली, "खारं."

सुभेदारांनी तिच्याकडे बघितलं. नंतर निळ्या पिंपातल्या मगाकडे. मग एकदम त्यांना हसू फुटलं. टाके दुखत होते म्हणून पोट दाबून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत ते हसले. बनाक्काला वाटलं भूल उतरली नाही.

"अगं, ही चूक तुजी न्हवं, मराठीची हाय," ते म्हणाले. बनाक्काचं माहेर सीमेपलीकडचं, तिची पहिली बोली कन्नड. समुद्राचं ते उप्पिन नीर आणि बोअरचं ते सवळ नीर, असे तिच्या माहेरी दोन शब्द आहेत. जतच्या मराठीत दोन्हींना खारंच म्हणतात. "तुला कन्नडात सांगितलं असतं तर कारभारीण वाचली असती. आन दुसरी चूक माजी. गोडं मी चोरून घालत हुतो. चोरानं चार्ज कसा द्यायचा?"

मग त्यांनी देवळीतला पितळी तांब्या घेतला, जारखाली धरून भरला आणि बनाक्काच्या हातात दिला. "आजपास्नं पान्याचा चार्ज तुज्याकडं." बनाक्का सगळ्यांदेखत पहिल्यांदा रडली ती तेव्हा. रडता रडता तिनं तांब्या सांडू दिला नाही, गोडं पाणी होतं.

जावई वाचला. पुढच्या काही महिन्यांत तो वाढायला लागला, कपारीवरून हिंडताना आवाज चढल्यासारखा वागायला लागला. सुभेदारांनी त्याचं कारण सांगितलं. या जातीत मादी गेली की मागे राहिलेला नर हळूहळू मादी होतो. बनाक्का स्वयंपाक टाकून ऐकायला आली. म्हंजे जावई आता कारभारीण हुनार? सुभेदार म्हणाले, व्हय. तिनं माशाकडे नीट बघून घेतलं आणि निसर्गाला एवढी तरी अक्कल आहे म्हणाली. मग पुण्याहून एक छोटा नर आला, त्याचं नाव तिनं ठेवलं, घरजावई.

बनाक्काची एकदा एखाद्या कामावर नेमणूक झाली की ती वरिष्ठांचीही तपासणी घेते. पेटीचं पाणी ती बोटानं चाखून बघू लागली. खारेपणा मोजायला सुभेदारांकडे डोळ्याला लावायची एक नळी होती, पण बनाक्काची जीभ आणि नळी यांत फरक पडला तर ती नळी पुसायला सांगायची. त्याच दिवाळीत तिनं घोषणा केली की आपल्याला खरा समुद्र बघायचा आहे. सुभेदारांना वाटलं चेष्टा आहे. "तुमी ह्यो बरोबर केलाया का न्हाई, ते ताडून बघाया नगं?" ती म्हणाली.

अशा रीतीनं आम्ही निघालो. बनाक्का पुढच्या सीटवर, हातात लिंबू, काच खाली, डोळे मिटलेले. मागे सुभेदार आणि मी. आंबा घाटात गाडी इतक्या वेळा थांबली की ड्रायव्हरनं शेवटी इंजिन बंद करणंच सोडून दिलं. दर वेळी सुभेदार उतरून बाटलीतलं पाणी तिच्या हातावर ओतायचे आणि परत फिरायचं का विचारायचे. ती मान हलवायची. मला तिची दया येत होती आणि तिचा अभिमानही वाटत होता.

रत्नागिरीजवळ एका शांत किनाऱ्यावर उतरलो तेव्हा दुपार कलली होती. बनाक्का वाळूवर थोडा वेळ नुसती बसली. रंग परत आल्यावर उठली, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि तरातरा पाण्यात गेली. वाकली, बोट बुडवलं, चाखलं. आम्ही दोघं निकालाची वाट बघत उभे.

"जरा जास्तच झालंय," ती म्हणाली.

मग ती बघत राहिली. डावीकडे, उजवीकडे, समोर. टँकरच्या रांगेत जन्म काढलेल्या बाईच्या पुढ्यात एवढं पाणी पहिल्यांदाच होतं. सुभेदार तिच्या शेजारी गेले. पँट दुमडलेली, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात तिच्या चपला. तिनं विचारलं, "आवं, एवढ्याला गोडं कोन घालतं?"

सुभेदारांनी सांगितलं, वरून पाऊस, आणि नद्या. सगळ्या नद्या आणून घालतात.

"आपल्या जतकडनं येतं का काय?"

आपल्याकडचं पाणी तिकडच्या समुद्राला जातं, पूर्वेच्या, ते म्हणाले, तेही असलं तर. बनाक्काला ते लागलेलं दिसलं. सगळ्या मुलखानं वर्गणी भरली आणि आपल्याच गावाचं नाव राहिलं, असा चेहरा झाला तिचा. ती मागे फिरली, पिशवीतून घरून आणलेली पाण्याची बाटली काढली. जारचं गोडं, परतीच्या वाटेसाठी राखलेलं. पाण्यात जाऊन तिनं ती बाटली उलटी केली आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत धरून ठेवली.

सुभेदार गेले ते त्यानंतरच्या वर्षी, झोपेत, कुणाला त्रास न देता. तोवर माझी जतहून बदली झाली होती. मी भेटायला गेले तेव्हा बनाक्का त्यांचा चष्मा लावून पेटीचं पाणी तपासत होती, काठी शेजारी टेकवलेली. मला बघून म्हणाली, "माशात बाई गेली की बाप्या बाई हुतो. आमच्यात बाप्या गेला, आन म्या बाप्या झाले." आणि दिवे लागल्यावर उभी राहून मोजून 'भरलं' म्हणाली, मग ताटं वाढली.

आता अंडी झाली आहेत. येत्या रविवारी मी जतला जाणार आहे. पण सुभेदार म्हटलं की मला पेटी आठवत नाही, तो किनारा आठवतो. बाटली रिकामी करून बनाक्कानं वर बघितलं आणि अगदी रोजच्या आवाजात विचारलं, "झालं का बगा रेघंला?" सुभेदारांनी तिच्या चपला काखेत मारल्या, काठी उचलली आणि पाणी जिथे आभाळाला टेकतं तिथपर्यंत नेऊन धरली. डोळे बारीक करून त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नीट तपासणी केली.

"बरोबर रेघंला हाय," ते म्हणाले. "भरलं."